बंपरला किरकोळ धक्का लागल्यापासून पॉवर स्टिअरिंगचे ऑइल गळते आहे. सील बदलूनही गळती थांबत नाही

प्रश्न : कांदा वाहतूकदार, निफाड

नमस्कार. माझ्याकडे चपट्या तोंडाचा सहाचाकी मालवाहू ट्रक असून तो वर्षाचा बहुतेक काळ लासलगाव-पिंपळगाव परिसरातून वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माल नेतो. गेल्या महिन्यात वाशीच्या आवारात भरलेली गाडी रांगेत पुढे सरकत असताना आमच्या बंपरचे उजवे टोक समोर उभ्या असलेल्या ट्रकच्या मागील आडव्या लोखंडी गजावर टेकले. वेग माणसाच्या चालीइतकाच होता. बंपरचा कोपरा सुमारे चार बोटे आत गेला, परंतु हेडलाइटची काच शाबूत राहिली, रेडिएटरला काही झाले नाही आणि गाडी त्याच दिवशी रिकामी होऊन परत आली, त्यामुळे या प्रकाराकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

त्यानंतर सकाळी गाडी हलवली की ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या थोडे पुढे, जमिनीवर तांबूस तेलाचा डाग दिसू लागला. स्टिअरिंगच्या ऑइलच्या टाकीतील पातळी प्रत्येक फेरीगणिक उतरत होती आणि उभ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवले की पंपातून कण्हल्यासारखा आवाज येत होता. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी केबिन उचलून पाहिले, तेव्हा स्टिअरिंगचा दांडा जेथे स्टिअरिंग बॉक्समध्ये (स्टिअरिंगचे वळण चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीत) शिरतो, तेथील सीलभोवती तेल होते. त्यांनी ते सील बदलले. नवीन सीलवर गाडी एकदा भरून वाशीला जाऊन आली, आणि परत आल्यावर पाहतो तो त्याच ठिकाणी पूर्वीपेक्षा अधिक ओल. आता मिस्त्रींचे म्हणणे असे आहे की धक्क्याने बॉक्सच आतून बिघडला असावा, त्यामुळे रिकंडिशन केलेला बॉक्स बसवावा. हा खर्च लहान नाही.

आणखी एक गोष्ट ड्रायव्हरने सांगितली, ती महत्त्वाची आहे की नाही हे मला कळत नाही. सरळ रस्त्यावर गाडी सरळ चालते, परंतु स्टिअरिंगच्या चाकाचा मधला दांडा पूर्वीसारखा आडवा राहत नाही. तो डावीकडे किंचित झुकलेला असतो.

माझे प्रश्न असे. एवढ्याशा धक्क्याने बॉक्स खरोखर बिघडू शकतो का? सील पुन्हा का गेले, हे बॉक्स न बदलता शोधता येईल का? आणि तोपर्यंत गाडी भरून कसारा घाटातून नेणे योग्य आहे का?


उत्तर : निवृत्त यांत्रिकी पर्यवेक्षक, पुणे

आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. गाडी भरून घाटात नेऊ नये, आणि त्याचे कारण तेलाची गळती हे नसून झुकलेले स्टिअरिंगचे चाक हे आहे. पॉवर स्टिअरिंगमधील तेल संपले तरी चाके आणि स्टिअरिंग यांच्यातील यांत्रिक जोड कायम राहतो. पुढच्या ॲक्सलवर ६ ते ७ टनांचा भार असताना स्टिअरिंग अतिशय जड होते, वळणावर ते आवरणे धोक्याचेच असते, तरीही चाके वळतात. परंतु धक्क्यानंतर स्टिअरिंगचा मध्य सरकला असेल, तर त्या यांत्रिक जोडातलेच काहीतरी वाकले, पिळले किंवा जागचे हलले आहे. तो जोड तुटला तर मागे दुसरा आधार नाही.

धक्का किती मोठा होता याचा अंदाज वेगावरून करू नये. १६ टनांची भरलेली गाडी ताशी ५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील गतिज ऊर्जा ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १ टनाच्या मोटारीइतकी असते. त्या वेगाने मोटार भिंतीवर गेली तर आपण तिला किरकोळ धक्का म्हणणार नाही. ही सगळी ऊर्जा आपल्या बंपरच्या एका टोकातून आणि ते टोक धरून ठेवणाऱ्या कंसातून (ब्रॅकेटमधून) चेसीत गेली आहे. स्टिअरिंगचा बॉक्स नेमका त्याच बाजूला, चेसीच्या उजव्या लांब पट्टीवर असतो, हेही लक्षात घ्यावे.

म्हणून पहिली तपासणी कोरड्या भागांची करावी. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून एका माणसाने केबिनमध्ये बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून, हात व कपडे फिरत्या भागांपासून दूर ठेवून, बॉक्स आणि चेसी यांच्यामधील फटीकडे पाहावे. बॉक्सचे अंग चेसीच्या तुलनेत केसभर जरी हलताना दिसले, तरी त्याचे बोल्ट सैल झालेले आहेत. असे बोल्ट बहुधा आपली खूण आधीच सोडतात: वॉशरभोवती घासून चकाकलेली कडा, तेथून ओघळलेली गंजाची तांबूस भुकटी, किंवा कंसाच्या मुळाशी रंगाला गेलेली बारीक तडा. तडा रंगापुरती आहे की धातूत उतरली आहे, हे रंग खरवडून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

त्यानंतर ड्रॉप आर्म (बॉक्सला लागलेला लोंबता हात), ड्रॅग लिंक (त्या हाताला चाकाशी जोडणारा दांडा) आणि टाय रॉड (पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा) पाहावेत. ड्रॅग लिंकचा वाक नुसत्या डोळ्यांना चटकन दिसत नाही; तिच्या कडेला दोरी ताणून धरली की तो उघड होतो, मात्र काही गाड्यांमध्ये ती मुळातच वाकवलेली असते, त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहणे अधिक चांगले. ड्रॉप आर्मवर आणि सेक्टर शाफ्टच्या, म्हणजे तो आर्म फिरवणाऱ्या बॉक्समधील दांड्याच्या, टोकावर जुळणीच्या खुणा असतात. त्या समोरासमोर असून, लिंकही सरळ असून आणि बॉक्सही घट्ट असून स्टिअरिंग झुकलेलेच असेल, तर शाफ्टचे दाते पिळले गेल्याची शंका घ्यावी लागते. तसे असल्यास आपल्या मिस्त्रींचे म्हणणे बरोबर ठरेल आणि बॉक्स बदलावाच लागेल. वाकलेला आर्म किंवा लिंक गॅसने तापवून सरळ करून देणारे लोक प्रत्येक ट्रक टर्मिनलवर भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नये. तापवल्याने त्या पोलादाची मूळची ताकद निघून जाते आणि तो भाग पुढे केव्हा तुटेल, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही.

शेवटी दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर टेपने मोजावे. दोन्हीकडील अंतरांत लक्षणीय फरक आला, तर कमानपाट्याचा सेंटर बोल्ट कातरला जाऊन ॲक्सलच मागे सरकला असण्याची शक्यता असते. बंपरच्या धक्क्याने हे क्वचितच घडते, परंतु टेप लावायला फारसा वेळ लागत नाही.

आता गळतीविषयी. गळतीचा डाग जेथे दिसतो तेथे दोष असेलच असे नाही. तेल खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वारा व पंख्याचा झोत ते मागे फेकतात; म्हणून ओल्या भागातील सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची जागा शोधायची असते. तेल कोणते आहे याचीही आधी खात्री करावी. आपल्या वर्णनावरून ते तांबूस आहे, म्हणजे स्टिअरिंगचे असणे संभवते, परंतु केबिन उचलण्याचा हायड्रॉलिक पंप आणि त्याची नळीही पुढेच असते आणि कोपऱ्यावरच्या धक्क्यानंतर तिच्यातूनही तेल येऊ शकते. टाकीतील पातळी उतरते आहे, हा आपल्याकडील चांगला पुरावा आहे.

पंप, बॉक्स, टाकी आणि सर्व नळ्या डिझेलने धुऊन, चिंधीने पुसून, हवा मारून पूर्ण कोरड्या कराव्यात. मग सांध्यांवर आणि सीलभोवती साधी टाल्कम पावडर पातळ थरात भुरभुरवावी. प्रथम इंजिन बंद ठेवून काही तास थांबावे. एवढ्यात पावडर भिजली, तर दोष टाकीत, पंपाकडे तेल नेणाऱ्या नळीत किंवा बॉक्समधून टाकीकडे येणाऱ्या परतीच्या नळीत, म्हणजे दाब नसलेल्या बाजूला आहे. नंतर इंजिन मंद चालवून स्टिअरिंग न वळवता पाहावे. त्यानंतर दोन्ही बाजूंना वळवून पाहावे, मात्र शेवटच्या टोकाला काही क्षणांहून अधिक काळ दाबून धरू नये, कारण तेथे पंप आपला कमाल दाब गाठतो आणि तेल झपाट्याने तापते. केवळ वळवतानाच ओल येत असेल, तर प्रेशर पाइप (पंपाकडून बॉक्सकडे दाबाखालचे तेल नेणारी नळी), त्याचे सांधे किंवा बॉक्समधील दाबाखालचे सील यांच्याकडे संशय जातो. अनेक बॉक्समध्ये ड्रॉप आर्मकडील सेक्टर शाफ्टचे सील एका बाजूला वळवतानाच पूर्ण दाबाखाली येते. त्यामुळे ‘डावीकडे वळवले की गळते, उजवीकडे नाही’ अशी तक्रार आली, तर त्या सीलकडेच पाहावे.

एक ताकीद मात्र देतो. इंजिन चालू असताना गळती शोधण्यासाठी नळीवरून हात फिरवू नये. अशा ट्रकमध्ये प्रेशर पाइपमधील दाब साधारण १०० ते १५० बारपर्यंत जातो. आपल्या टायरमधील हवेचा दाब सुमारे ८ बार असतो, यावरून कल्पना यावी. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली ती धार कातडी भेदून आत तेल सोडते. बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, परंतु आतल्या पेशी नासतात आणि तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. धार असेल तर ती पुठ्ठ्यावर उमटते.


उत्तर : मालक-चालक, चाळीसगाव

एवढे सगळे उघडण्याआधी बाजारात मिळणारे गळती थांबवणारे औषध टाकीत ओतून पाहावे. माझ्या जुन्या पिकअपला त्याने बरेच महिने चालवले आणि पुढे गाडी विकून टाकली.


उत्तर : स्टिअरिंग दुरुस्ती, कोल्हापूर

चाळीसगावच्या दादांना उत्तर असे की ते औषध जुन्या, आखडलेल्या रबराला फुगवते. निफाडच्या गाडीत सील अगदी नवे आहे, त्यामुळे तेथे फुगवण्यासारखे काही नाही.

पुण्याच्या साहेबांनी जे लिहिले आहे, ते सर्व करावे. त्यात मी एका गोष्टीची भर घालतो, कारण मूळ प्रश्नातील एका वाक्यावर मी थबकलो: नवीन सील एका फेरीत गेले आणि त्याच ठिकाणी पूर्वीपेक्षा अधिक गळू लागले. माझ्या बाकावर येणाऱ्या बॉक्सपैकी बरेच बॉक्स निर्दोष असतात. सील बदलूनही टिकत नाही म्हणून ते उतरवून आणलेले असतात आणि उतरवताना कोणी परतीचा पाइप तपासलेला नसतो.

दांडा बॉक्समध्ये शिरतो तेथील सील मोठ्या दाबासाठी बनवलेलेच नसते. बॉक्सच्या आतील रचना अशी असते की त्या सीलच्या मागे असलेली पोकळी परतीच्या मार्गाला जोडलेली असते; पंपाचा पूर्ण दाब तिथपर्यंत पोचत नाही. परतीचे तेल नळीतून मोकळेपणाने टाकीत जात असेल, तर तेथे अगदी अल्प दाब राहतो. पण परतीची नळी कोठे दाबली गेली, मुडपली गेली किंवा टाकीतील फिल्टर तुंबला, तर तेल बाहेर पडायला वाट शोधते आणि मागचा दाब वाढत वाढत त्या सीलवर येतो. सील बिचारे ओठ उलटून वाट करून देते. मग मिस्त्री नवीन सील बसवतो आणि कारण जागेवरच असल्यामुळे तेही जाते. पहिले सील जुने आणि कडक झालेले असते, म्हणून ते थोडे तग धरते; नवे मऊ सील कधीकधी त्याहून लवकर उलटते.

आपल्या गाडीत बंपरचा उजवा कोपरा चार बोटे आत गेलेला आहे. तो आत गेला, म्हणजे त्याच्या मागचा कंसही आत गेला. त्या कंसाच्या मागून बॉक्सची परतीची नळी जात असण्याची दाट शक्यता आहे. कृपया बंपर उतरवून त्या नळीकडे पाहावे. केबिन उचलून वरून पाहिले, तर कंसामागचा भाग दिसत नाही आणि मिस्त्रींना तो दिसला नसेल, तर त्यात आश्चर्य नाही.

तपासण्याची साधी रीत अशी. इंजिन बंद करून, टाकीखाली स्वच्छ भांडे ठेवून, परतीची नळी टाकीकडून आणि बॉक्सकडून सोडावी आणि तिच्यातून कमी दाबाची हवा सोडून पाहावी. हवा सहज, एकसारखी बाहेर यायला हवी. फुसफुसत, अडखळत आली, तर नळी बाद समजावी. नळी बाहेरून ठीक दिसते म्हणून तिला सोडून देऊ नये. एकदा जोरात चेपलेल्या रबरी नळीचे आतले अस्तर सुटते आणि ते लोंबणारे अस्तर झडपेसारखे वागते, म्हणजे एका दिशेने हवा जाते आणि तेलाचा प्रवाह आला की वाट बंद होते. म्हणून हवा तेल वाहते त्याच दिशेने, बॉक्सकडच्या टोकातून सोडावी. ज्यांच्याकडे कमी दाबाचा गेज आहे, त्यांनी तो परतीच्या मार्गात बसवून इंजिन चालू असताना दाब पाहिला, तर उत्तम; पंपाच्या बाजूचा मोठा गेज तेथे वापरू नये, त्यावर काटा हललेलाही दिसत नाही.

टाकीतील फिल्टरही त्याच वेळी बदलावा. आणि प्रेशर पाइपच्या सांध्यावर तांब्याचे वॉशर असतील, तर सांधा उघडल्यानंतर तेच पुन्हा लावू नयेत. ते एकदा आवळले की आपला आकार घेतात. त्यानंतर कितीही जोर लावला तरी ते धरत नाहीत, आणि जोर लावणारा शेवटी सांध्यातला पोकळ बोल्टच तोडतो.


पुढील माहिती : कांदा वाहतूकदार, निफाड

आपण सर्वांनी सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. गाडी उभी ठेवून आम्ही बंपर उतरवला. पुण्याच्या काकांनी आणि कोल्हापूरच्या दादांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तेथे एकत्रच सापडल्या.

बंपरच्या उजव्या कंसाची खालची कड मागे वळून परतीच्या नळीवर बसली होती आणि नळी चेसीच्या पट्टीला चेपून जवळजवळ सपाट झाली होती. तिच्यावर कंसाच्या कडेचा वळ उमटलेला होता. नळी काढून बॉक्सकडच्या टोकातून हवा सोडली, तेव्हा ती दुसऱ्या टोकाने जेमतेम बाहेर येत होती.

दुसरी गोष्ट बॉक्सची. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग हलवले, तेव्हा बॉक्सचा पुढचा भाग चेसीवर स्पष्टपणे सरकताना दिसला. आमच्या गाडीत बंपरचा कंस आणि बॉक्सचा कंस पुढच्या बाजूला एकाच बोल्टांनी धरलेले आहेत. त्यांपैकी पुढचे दोन सैल होते आणि एकाच्या वॉशरखाली गंजाची भुकटी होती. ड्रॅग लिंक शेजारच्या गावातील त्याच मॉडेलच्या गाडीशी ताडून पाहिली, फरक नाही. चाकांमधील अंतरे दोन्हीकडे सारखी आहेत, आणि ड्रॉप आर्मच्या खुणाही जुळतात.

आता दोन शंका आहेत. ते सैल बोल्ट तसेच आवळून घ्यावेत की बदलावेत? आणि या दुरुस्तीसाठी विम्याचा दावा करणे फायद्याचे ठरेल का? बंपर, कंस, नळी, सील आणि कदाचित पंपही, असा खर्च समोर दिसतो आहे. पंपाचा आवाज अजून येतो.


उत्तर : माजी विमा सर्वेक्षक, नाशिक

मी यांत्रिकी विषयावर बोलणार नाही, परंतु विम्याबाबत काही गोष्टी आपल्याला आधीच ठाऊक असाव्यात, कारण आपल्या प्रकरणात त्या थेट लागू होतात.

पहिली गोष्ट म्हणजे व्यावसायिक वाहनांच्या नेहमीच्या पॉलिसीत बंपर, मडगार्ड, दिवे, टायर आणि रंगकाम यांचे नुकसान गाडी पूर्णपणे बाद झाल्याखेरीज धरले जात नाही. त्यासाठी आयएमटी २३ या क्रमांकाचे वाढीव कलम जादा हप्ता भरून घेतलेले असावे लागते. आपल्या पॉलिसीच्या पानावर कलमांच्या यादीत हा आकडा आहे का, ते पाहावे. नसेल तर बंपरचे पैसे विसरावेत.

दुसरी गोष्ट, रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, गाडी कितीही नवी असली तरी. म्हणजे नळी आणि सील यांच्या किमतीचा निम्मा भाग आपल्याच खिशातून जाणार. धातूच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे चढत जातो. घसारा माफ करणारे वेगळे संरक्षण घेतलेले असेल, तर गोष्ट निराळी.

तिसरी गोष्ट पंपाची आहे आणि तेथेच बहुतेक वाद होतात. पॉलिसीच्या अटींमध्ये असे स्पष्ट असते की अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता वाहन चालवले आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर त्या वाढीव नुकसानीची जबाबदारी मालकाची. धक्क्याने नळी चेपली, हे अपघाताचे नुकसान. तेल कमी असताना गाडी पुढे फेऱ्या करत राहिली आणि पंप खराब झाला, तर सर्वेक्षक ते परिणामी नुकसान म्हणून वगळील आणि अटींच्या चौकटीत तो चुकीचा ठरणार नाही. त्यातून आपल्या गाडीचे सील मध्यंतरी बदलले गेले आहे, म्हणजे पाहणीपूर्वी एक दुरुस्ती झालेली आहे; तिचे बिल आणि जुने सील जपून ठेवले असतील, तर ते कामाला येतील.

दावा करायचाच असेल, तर यापुढे काहीही उघडण्याआधी कंपनीला कळवावे, आणि चेपलेली नळी, तिच्यावरचा वळ आणि वाकलेला कंस एकाच चौकटीत दिसतील असे फोटो काढावेत. नळी वेगळी आणि कंस वेगळा, असे फोटो आले की कारण आणि परिणाम यांचा संबंध कागदावर दिसत नाही. उतरवलेले भाग फेकू नयेत.

माझे प्रामाणिक मत विचाराल, तर आपण सांगितलेल्या यादीत अपघाताचे म्हणून मान्य होणारे नुकसान फारसे उरत नाही. दावा केला की नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यातून तेवढी सूट मिळते. आपला बोनस किती आहे, ते पाहून आकडेमोड करावी. बोनस वरच्या टप्प्यावर असेल, तर मी हा खर्च स्वतः करीन.


उत्तर : निवृत्त यांत्रिकी पर्यवेक्षक, पुणे

सैल झालेले बोल्ट आवळून भागणार नाही; ते बदलावेत, आणि केवळ सैल झालेले दोनच नव्हे, तर त्या कंसाचे सर्व बदलावेत. सैल अवस्थेत गाडी चालली असल्याने त्यांच्यावर कातर बसत राहिली आहे आणि ताणही पडला आहे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला असतो. मूळ बोल्टवर जो आकडा आहे तोच नव्यावर असावा. हार्डवेअरच्या दुकानात त्याच जाडीचा आणि त्याच आट्याचा साधा बोल्ट सहज मिळतो, आणि नेमकी तेथेच फसगत होते. भोके लंबगोल झालेली नाहीत ना, हेही पाहावे. झाली असतील, तर नवीन बोल्टही पुन्हा सैल होतील. मग भोक मोठे करून जाड बोल्ट बसवण्याचा मोह न धरता कंस बदलावा. आवळताना टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) वापरावा आणि आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्यावा.

बॉक्स मूळ जागी परत बसला की स्टिअरिंगचे चाक आपोआप आडवे यायला हवे. आले नाही, तर ते काढून पुन्हा मध्यावर बसवू नये. तसे केल्याने केवळ खूण पुसली जाते, दोष तसाच राहतो.


उत्तर : स्टिअरिंग दुरुस्ती, कोल्हापूर

पंप बदलण्याची घाई करू नये. आपण सांगता तो आवाज खराब पंपाचा असू शकतो, तसाच तेलात शिरलेल्या हवेचाही असू शकतो, आणि तेलाची पातळी इतक्या वेळा खाली गेली असल्याने हवा आत गेलेली असणारच. टाकीचे झाकण उघडून पाहावे: तेल दुधाळ, फेसाळ दिसत असेल, तर ती हवा आहे. तेल नितळ असूनही त्यात बोटांना कचकचणारी धातूची चमकी लागली, तर पंपाच्या आतली पाती घासली आहेत आणि मग पंपासह सगळी यंत्रणा धुवावी लागेल. नाहीतर तीच चमकी नव्या पंपात आणि बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये जाईल.

नवी परतीची नळी, नवा फिल्टर आणि नवे सील बसवून झाले की जुने तेल पुन्हा न वापरता, सर्व्हिस पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरावे. दोन वेगळ्या प्रतींचे मिश्रण करू नये. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि पुढचा ॲक्सल जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) ठेवावा; जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथपणे फिरवत राहावे आणि टाकीतील पातळी उतरेल तसे तेल घालत जावे. तळ कधीही उघडा पडू देऊ नये. टाकीत बुडबुडे येणे जवळपास थांबले की मगच इंजिन सुरू करून ते मंद ठेवावे आणि पुन्हा तसेच फिरवावे. इंजिनचा वेग वाढवून हवा लवकर काढण्याचा प्रयत्न बरेच जण करतात. त्याने उलट हवा घुसळून तेलात बारीक मिसळते आणि मग ती निघायला रात्रभर लागते.

हवा पूर्ण निघाली की नाही, हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. इंजिन चालू असताना टाकीतील पातळी पाहून ठेवावी आणि इंजिन बंद करून लगेच पुन्हा पाहावी. पातळी १ ते २ सेंटिमीटरपर्यंत वर आली, तर ते ठीक आहे. त्याहून जास्त चढली, तर दाबामुळे आक्रसलेली हवा आतच आहे आणि बंद केल्यावर ती पसरून तेलाला वर ढकलते आहे. अशा वेळी फिरवण्याचे काम पुन्हा करावे.

ते झाल्यानंतरही केवळ टोकाला वळवल्यावरच आवाज आला, तर आणखी एक ठिकाण उरते. अनेक बॉक्समध्ये चाके आपल्या थांब्याला टेकण्याच्या किंचित आधी दाब सोडून देणारे छोटे व्हॉल्व्ह असतात. आपला बॉक्स काही काळ चेसीवर सरकलेल्या स्थितीत होता, त्यामुळे त्यांची वेळ चुकलेली असू शकते. मग प्रत्येक पूर्ण वळणाला पंप कमाल दाबावर जाऊन कण्हतो. काही बॉक्समध्ये हे व्हॉल्व्ह स्वतः जुळवून घेतात, काहींमध्ये ते स्क्रूने लावावे लागतात, आणि ते गेज लावूनच करावे. सर्व बसवून झाल्यावर सील, सांधे कोरडे करून पुन्हा पावडर मारावी आणि गाडी रिकामीच पिंपळगावपर्यंत नेऊन आणावी. पावडर पांढरी राहिली, तर भरायला हरकत नाही. मात्र पहिल्या भरलेल्या फेरीनंतर बॉक्सच्या बोल्टांवर टॉर्क रेंच पुन्हा एकदा फिरवावा.